जुन्या गाण्याच्या वहीतली लय कशी वाचावी?

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत माळ्यावरची ट्रंक उघडली, की मोडी कागदांबरोबर कधीकधी एखादी गाण्याची वहीही निघते. मोडी कागद कुणाकडून तरी वाचून घेतले जातात. वही मात्र रद्दीत जाते, कारण ‘सारेगम आहे काहीतरी’ यापलीकडे ती कुणाला लागत नाही. आमच्या दर्पण कॉलनीत काय किंवा लष्करच्या जुन्या वाड्यांत काय, हे नुकसान सारखंच. स्वर ओळखता येतात. अडतं ते लयीपाशी.

आधी थोडी पार्श्वभूमी. ग्वाल्हेरचं गाणं पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चाललं. 1914 मध्ये कृष्णराव शंकर पंडितांनी इथे शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं. 1918 मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत विद्यालय सुरू झालं. त्यासाठी इथले गवई मुंबईला भातखंड्यांकडे त्यांची स्वरलिपी शिकून आले. राजाभैया पूछवाले त्यांतलेच. वर्गात पंधरा-वीस मुलं बसवायची, तर फळ्यावर लिहिता येईल अशी लिपी हवीच होती.

ही लिपी तशी सोपी आहे. प्रत्येक घर म्हणजे एक मात्रा, उभ्या रेघा म्हणजे तालाचे खंड. खाली × असेल ती सम, 0 म्हणजे खाली, 2 आणि 3 या पुढच्या टाळ्या. स्वरापुढे आडवी रेघ आली, तर तो स्वर आणखी एक मात्रा लांबवायचा. शब्दांच्या ओळीत हेच काम अवग्रह करतो. दोन-तीन स्वरांखाली चंद्रकोर असेल, तर ते सगळे एकाच मात्रेत बसवायचे.

समजा, एका खंडात प-म खाली चंद्रकोर आहे, मग ग, मग आडवी रेघ, मग रे. प आणि म अर्धी-अर्धी मात्रा, ग दोन मात्रा, रे एक. बेरीज चार. त्रितालाचा खंड चारचाच असतो, म्हणजे वाचन बरोबर. आम्हा इंजिनिअर लोकांना हिशेब जुळवून बघायची सवय. इथे ती कामी येते. झपतालात खंड 2-3-2-3 असे पडतात. बेरीज जुळली नाही, तर आधी पुसट झालेली चंद्रकोर शोधा.

दुसरी गोष्ट. डावीकडचा पहिला स्वर म्हणजे सम, असं धरून चालू नका. त्रितालातल्या कितीतरी मध्यलयीच्या चिजा खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उठतात. तिथे खुणांचा क्रम 0, 3, ×, 2 असा दिसेल.

खरी गफलत होते ती लिपी ओळखण्यात. विष्णु दिगंबर पलुसकर हेही ग्वाल्हेर परंपरेचेच. त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. त्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या लिपीत प्रत्येक स्वराखाली त्याचा काळ लिहिलेला असतो : आडवी रेघ म्हणजे एक मात्रा, 0 म्हणजे अर्धी, चंद्रकोर म्हणजे पाव. समेला 1, खालीला +. म्हणजे बघा, तीच चिन्हं, अर्थ निराळे! एकीकडे शून्य तालाची जागा सांगतं, दुसरीकडे स्वराची लांबी. एका लिपीची चावी दुसरीला लावली, तर चीज ओळखूच येणार नाही.

म्हणून वही हातात आली, की आधी समेची खूण शोधावी. × असेल तर लिहिणारा भातखंडे पद्धतीत शिकलेला. 1 आणि + असतील तर पलुसकरांच्या. वहीवर नाव-तारीख नसली, तरी घरातलं कोण कुठल्या परंपरेत शिकलं असेल, याचा हा चांगला धागा आहे.

मर्यादाही लक्षात ठेवावी. कागदावर मात्रांचं आपसातलं प्रमाण असतं, मात्रा किती सेकंदांची ते नसतं. विलंबित ख्यालातली मींड आणि स्वर मात्रेच्या किंचित मागे ठेवण्याची लकब ही तालमीतूनच येते. पण चिजेचा सांगाडा त्या चौकटींत शाबूत असतो, आणि जाणत्या गवयाला तेवढा पुरतो. तेव्हा वही रद्दीत देण्याआधी पानापानाचे फोटो काढा, खालच्या खुणांसकट. खुणा कापल्या गेल्या, तर उरतात नुसते स्वर, चीज नव्हे.