मफलर डिलीट

मोटारगाडीच्या एक्झॉस्टवरचा मफलर, म्हणजे आपल्याकडे ज्याला सायलेन्सर म्हणतात तो डबा, कापून त्या जागी सरळ नळी जोडण्याच्या फेरबदलाला मोटारशौकीन मफलर डिलीट म्हणतात. डब्याच्या जागी कमी अडवणारा दुसरा डबा बसवणे हा याच कुळातला सौम्य प्रकार. अमेरिकेत फोर्ड मस्टँग, शेव्हरोले कमारो, डॉज चॅलेंजर अशा व्ही-8 इंजिनाच्या गाड्यांवर हा बदल नेहमीचा आहे. काम थोडक्या वेळाचे, खर्च बेताचा आणि परिणाम इंजिन सुरू होताक्षणी ऐकू येणारा, त्यामुळे नवा मालक बहुधा इथूनच सुरुवात करतो. गाडीची शक्ती वाढावी म्हणून हे केले असे तो सांगतो. प्रत्यक्षात त्याने विकत घेतलेला असतो तो आवाज.

इंजिनातून निघालेला वायू मॅनिफोल्डमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, तिथून बहुतेक गाड्यांत रेझोनेटरमध्ये आणि शेवटी मफलरमध्ये जातो. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणून आठ सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांवर सेकंदाला 200 वेळा दाबाचा ठोका बाहेर फेकते. मफलरचे काम हे ठोके विझवण्याचे. कप्प्यांच्या मफलरमध्ये वायू पडद्यांमधून वळवला जातो आणि परतणाऱ्या ध्वनिलहरी येणाऱ्या लहरींना मारतात. दुसऱ्या प्रकारात छिद्रे पाडलेली नळी सरळ आरपार जाते आणि तिच्याभोवती काचतंतूंचे पॅकिंग असते. ते उच्च कंपनांचा आवाज शोषते, खर्जाला मात्र फारसे हात लावत नाही. ग्लासपॅक या नावाने विकला जाणारा मफलर हाच. फ्लोमास्टर या अमेरिकी कंपनीने कप्प्यांच्या मफलरवर नाव कमावले.

आता शक्तीबद्दल. मागून दाब असल्याशिवाय इंजिन नीट चालत नाही, हे गॅरेजांत ऐकू येणारे वाक्य चुकीचे आहे. इंजिनाला दाब नको असतो, वायूचा वेग हवा असतो. नळीचा व्यास योग्य असेल तर एका ठोक्यामागे निर्माण होणारा कमी दाब पुढच्या सिलिंडरमधला जळका वायू ओढून घेतो. नळी गरजेपेक्षा रुंद केली की हा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवरचा जोर उलट घटू शकतो. शिवाय आजच्या परफॉर्मन्स गाडीचा मूळ मफलर फारसा अडवणारा नसतोच; कारखान्यातल्या अभियंत्यांनाही अश्वशक्तीचे आकडे जाहिरातीत छापायचे असतात. त्यामुळे केवळ मफलर काढून डायनोवर, म्हणजे शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, दिसणारी वाढ सहसा किरकोळ असते. टर्बो गाडीत अडथळा मुख्यतः टर्बाइन आणि त्यालगतच्या डाऊनपाइपमध्ये असतो, आणि टर्बाइन स्वतःच आवाज बराचसा खाते. खरा फायदा वजनाचा: पोलादी मफलरची जोडी निघाली की गाडीच्या मागच्या टोकाचे काही किलो कमी होतात.

गाडी लिफ्टवर चढवून डब्याच्या दोन्ही बाजूंना नळी कापतात, त्याच व्यासाचा तुकडा मध्ये घालून वेल्डिंग करतात किंवा क्लँपने आवळतात. गाडीवरच वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरीची तार आधी काढावी. जस्ताचा मुलामा असलेली नळी वापरू नये, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने निघणारा तिचा धूर विषारी असतो. स्टेनलेस स्टील किंवा ॲल्युमिनियमचा मुलामा असलेले पोलाद वापरतात. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे आळसाने नळी मागच्या ॲक्सलआधीच तोडून गाडीखाली मोकळी सोडणे. तिथून कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरू शकतो, आणि त्याला वास नसतो. कन्व्हर्टरला मात्र हात लावायचा नाही. तो प्रदूषण-नियंत्रणाचा भाग आहे आणि तो काढणे अमेरिकेच्या संघीय स्वच्छ हवा कायद्याखाली बेकायदेशीर ठरते. मफलर त्या कायद्यात येत नाही. ऑक्सिजन सेन्सरही त्याच्या बरेच पुढे, कन्व्हर्टरच्या आसपास असल्याने मफलर गेला तरी डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागत नाही.

नव्या आवाजाची हौस साधारण पहिल्या लांब प्रवासात उतरते. कारण घूं-घूं, ज्याला शौकीन ड्रोन म्हणतात. हमरस्त्यावर एकाच वेगाने जाताना इंजिनाचे ठोके आणि केबिनचे स्वतःचे कंपन जुळले की डोक्यात भरणारा संथ खर्ज तयार होतो. खिडकी उघडून किंवा गाणी मोठ्याने लावून तो जात नाही. डॉजच्या 5.7 लिटर हेमी इंजिनात हे विशेष जाणवते. इंधन वाचवण्यासाठी हे इंजिन सपाट रस्त्यावर चार सिलिंडर बंद ठेवते. मिनिटाला 1800 फेऱ्यांवर आठ सिलिंडरांचे सेकंदाला 120 ठोके होत असतील, तर चार सिलिंडरांचे होतात 60. इतका खालचा खर्ज दाबायला मोठा डबा लागतो. कारखान्याने मफलर एवढा अवाढव्य केलेला असतो तो याचसाठी. ड्रोनवरचा उतारा म्हणून काही जण मुख्य नळीला एक टोक बंद असलेली फांदी जोडतात. तिची लांबी त्या लहरीच्या चतुर्थांशाइतकी ठेवली की आत जाऊन परतणारी लहर मुख्य लहरीला उलटी भेटते आणि दोन्ही विरतात. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 500 मीटर धरला, तर 120 हर्ट्झसाठी फांदी जवळपास एक मीटर लांब हवी. म्हणजे डबा काढून टाकायचा आणि त्याचेच काम करणारी नळी जागा शोधून बसवायची.

मफलरचे अमेरिकी पेटंट इंडियाना राज्यातील कोलंबस गावच्या मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या भावांनी 1897 मध्ये घेतले. विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक गाड्यांना कटआउट नावाची झडप असे; ती उघडली की वायू मफलरला वळसा घालून थेट बाहेर पडे. चढावर जोर मिळतो असे सांगून चालक ती गावातही उघडत, आणि शहरांनी तिच्यावर बंदी घालायला सुरुवात केली. शर्यतीची गाडी म्हणजे उघडी नळी, हा समजही तितकासा खरा नाही. इंग्लंडमध्ये 1907 साली सुरू झालेल्या ब्रुकलंड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर शेजाऱ्यांनी न्यायालयात धाव घेतल्यावर 1920च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांना मोठ्या आकाराचा सायलेन्सर सक्तीचा झाला. कनेटिकटमधील लाइम रॉक पार्क या ट्रॅकवर न्यायालयाच्या 1959च्या मनाईमुळे रविवारी शर्यती होत नाहीत. कॅलिफोर्नियातील लगुना सेका ट्रॅकवर बहुतेक दिवशी आवाजाची कडक मर्यादा असते, आणि तिथे येणारे हौशी चालक काढलेला मफलर परत बसवून येतात.

अमेरिकेत 1972चा संघीय ध्वनिनियंत्रण कायदा आहे, पण त्याच्या अंमलबजावणीच्या कार्यालयाचा निधी 1980च्या दशकाच्या आरंभी थांबला. त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीचा प्रश्न राज्यांकडे राहिला. कॅलिफोर्नियात हलक्या गाड्यांच्या एक्झॉस्टसाठी 95 डेसिबलची मर्यादा आहे. 2019 पासून तिथे दुरुस्ती करून दंड टाळण्याची सवलत काढण्यात आली. न्यूयॉर्क राज्याने 2021च्या कायद्याने दंड 1000 डॉलरपर्यंत नेला. ब्रिटनमध्ये 1986च्या नियमांनुसार आवाज वाढेल असा कोणताही बदल सायलेन्सरमध्ये करता येत नाही. तिथे प्रश्न डेसिबलचा नाही, बदल केला की नाही एवढाच.

कारखान्यांनी यावर काढलेला मार्ग म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या झडपांचा एक्झॉस्ट, अर्थात जुन्या कटआउटचा कायदेशीर वारस. 2018च्या मस्टँग जीटीमध्ये सकाळच्या ठरावीक वेळी गाडी हळू आवाजात सुरू व्हावी अशी सोय आली; तिने आवाज सुमारे 10 डेसिबलने उतरतो, म्हणजे कानाला जवळपास निम्मा वाटतो. ज्याला मोठा आवाज कधीकधीच हवा असतो, त्याने करवत हाती घेण्याआधी अशा गाडीचा विचार करावा.

भारतात हा छंद प्रामुख्याने बुलेटसारख्या मोटारसायकलींचा; मुंबई, पुणे, नागपूरच्या पोलिसांनी जप्त सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याची दृश्ये मराठी वाचकांना परिचित आहेत. मोटारींना कायदा तोच लागू होतो. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर ध्वनिप्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय चालक वाहन चालवण्याचा परवाना बाळगण्यास तीन महिने अपात्र ठरतो.