बिनपडद्यांची बेस गिटार

सांताक्रूझमधील एखाद्या वादकापुढें जुनी, बिनपडद्यांची बेस गिटार विक्रीस आली आणि विकणारा म्हणाला, "ही १९६२ ची फेंडर, मूळचीच बिनपडद्यांची", तर खिशांत हात घालण्यापूर्वीं त्यानें थोडा इतिहास आठवावा. या उपनगरास खर्जाची ही तार अपरिचित नाहीं. येथें राहणारे संगीतकार राहुल देव बर्मन १९९४ सालीं वारले. त्यांच्या वाद्यवृंदांत टोनी वाझ बेस गिटार वाजवीत. परंतु प्रश्न पडद्यांचा आहे.

पूर्वीं पाश्चात्य वाद्यवृंदांत खर्जाचें काम माणसाहून उंच अशा डबल बेसवर चाले. त्यास पडदे नसतात. बोट केसभर सरकलें कीं सूर ढळतो. लिओ फेंडर यानें १९५१ सालीं कॅलिफोर्नियांत विजेवर चालणारी, पडदे घट्ट रोवलेली बेस गिटार बाजारांत आणली व तिला 'प्रिसिजन', म्हणजे अचूक, असें नांव दिलें. पडदा हेंच तिचें भूषण. तेंच पुढें कांहीं वादकांस जाचूं लागलें, ही मौजेची गोष्ट! सारंगी किंवा सरोद ऐकलेल्या कानांस त्याचें नवल वाटणार नाहीं. सतारीवर तार ओढून मींड काढतां येते; बेसची जाड तार तितकी ओढवत नाहीं.

इंग्लंडांत बिल वायमन यानें १९६१ च्या सुमारास आपल्या स्वस्त गिटारचे पडदे उपटले, ते नवे बसविण्यासाठीं. पण आवाज आवडला, म्हणून ती तशीच ठेवली. अँपेग या अमेरिकन कारखान्यानें १९६६ सालीं बिनपडद्यांची गिटार विकावयास काढली. फेंडरचा कारखाना त्या वाटेस लागला तो १९७० सालीं. तेव्हां १९६२ ची 'मूळची बिनपडद्यांची' फेंडर संभवत नाहीं. पडदे मागाहून काढलेले असावेत, मान बदललेली असावी, नाहीं तर साल तरी खोटें असावें.

मग ती टाकाऊ समजावी काय? येथें मात्र घाई नको. या वाद्यास जगभर कीर्ति मिळवून देणाऱ्या जॅको पास्टोरियसची गिटार १९६२ चीच फेंडर जॅझ बेस होती, आणि तीही पडदे काढलेलीच! खाचा बुजवून तिच्या पट्टीवर इपॉक्सीचा कठीण थर चढविलेला होता. त्याच्या नांवाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७६ सालची. गिटार १९८६ सालीं चोरीस गेली. पुढल्याच वर्षीं तो वारला. वाद्य सांपडलें सुमारें वीस वर्षांनीं.

संग्राहकाच्या लेखीं असें वाद्य बाटलेलें, म्हणून त्याचा भाव उतरतो. वादकानें निराळें पाहावें: खाचा सारख्या भरल्या आहेत काय, तारांनीं पट्टीवर चरे पडले आहेत काय, मुंबईच्या दमट हवेनें मानेस बाक आला आहे काय. तंबोरा लावून प्रत्येक तारेवर षड्ज ते पंचम सावकाश घसरत जावें. मध्येंच तार झणझणली किंवा आवाज मेला, तर पट्टी उंचसखल आहे असें समजावें. पट्टी निर्दोष निघाली आणि विकणाऱ्यानें पडदे मागाहून काढल्याचें कबूल करून भाव उतरविला, तर सौदा करण्यास हरकत नाहीं. १९६२ च्या अस्सल नगाचा भाव तो मागूं लागला, तर गिटार परत पेटींत ठेवावी.