अक्षयनीवी : शूर्पारक परिसरातील दान आणि त्याचा हिशेब

वसई तालुक्यातील उमेळे गावापासून उत्तरेस काही मैलांवर नालासोपारा वसलेले आहे. लोकलगाडीच्या गर्दीमुळे सर्वांच्या तोंडी असलेल्या या नावात प्राचीन भारतातील एका थोर बंदराची स्मृती दडलेली आहे. महाभारतातील शूर्पारक, प्राकृत शिलालेखांतील सोपारक किंवा सोपारग आणि ग्रीक नाविकाने 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात नोंदविलेले सुप्पारा ते हेच. उत्तर कोकणास त्या काळी अपरान्त म्हणत. भडोच, सोपारे, कल्याण आणि चौल या बंदरांतून देशावरचा माल समुद्रापार जाई आणि परदेशाचे सोने-चांदी इकडे येई. जेथे व्यापार वाढला, तेथे राजसत्तेची दृष्टी गेली; आणि जेथे धन साठले, तेथे धर्माने त्या धनास दानाचा मार्ग दाखविला. या भूमीच्या इतिहासाचे हे सूत्र समजून घेण्यासारखे आहे.

सन 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारे येथील 'बुरूड राजाचा कोट' या नावाने ओळखली जाणारी टेकडी उकरली. तो कोट नसून बौद्ध स्तूप असल्याचे तेव्हा सिद्ध झाले. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा त्यांच्या हाती आला. पुढे 1956 मध्ये वसई तालुक्यातीलच भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत. आपण त्याऐवजी धर्मयात्रा करतो, त्या यात्रेत ब्राह्मण व श्रमणांना दान देतो आणि वृद्धांची विचारपूस करतो, असे आठव्या लेखात अशोक सांगतो. आजारपण, विवाह, अपत्यजन्म अशा प्रसंगी केल्या जाणाऱ्या मंगलविधींपेक्षा सेवकांशी योग्य वागणूक, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि दान हेच खरे मंगल होय, असे नवव्या लेखात तो बजावतो. दिल्ली येथील त्याच्या सातव्या स्तंभलेखात तर बौद्ध संघ, ब्राह्मण आणि आजीवक यांच्याबरोबर निर्ग्रंथांचा, म्हणजे जैन मुनींचाही स्पष्ट उल्लेख आहे. राजाचा स्वतःचा कल कोणत्याही पंथाकडे असो, त्याने सर्वांचा योगक्षेम पाहावा, हा आदर्श इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच या देशात कोरला गेला होता.

जैन परंपरेतही सोपाऱ्याचे स्थान आदराचे आहे. श्रीपाल राजाच्या कथेत सोपाऱ्याची राजकन्या तिलकसुंदरी येते. आर्य वज्रसेनसूरींची कथा तर व्यापाऱ्याने विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. बारा वर्षांचा घोर दुष्काळ पडला असता सूरी सोपाऱ्यास आले. तेथील श्रेष्ठी जिनदत्त व त्याची पत्नी ईश्वरी यांनी एक लक्ष मुद्रा मोजून एका वेळेपुरते धान्य मिळविले होते. यापुढे अन्न मिळणार नाही, या निराशेने त्या अन्नात विष कालवून जीवनाचा शेवट करावा, असा त्या कुटुंबाचा विचार होता. उद्या सुकाळ होईल, असे सांगून सूरींनी त्यांना परावृत्त केले. दुसऱ्या दिवशी बंदरात धान्याने भरलेली जहाजे लागली. पुढे नागेंद्र, चंद्र, निर्वृति आणि विद्याधर या त्यांच्या चार पुत्रांनी दीक्षा घेतली आणि त्यांच्या नावांनी चार कुळे प्रसिद्ध झाली, असे परंपरा सांगते. लक्ष मुद्रा घरात असूनही कुटुंब उपाशी राहू शकते. धनाचे मोल ते अन्न आणि वस्त्र यांत परिवर्तित होईल तेव्हाच, हा या कथेचा व्यावहारिक बोध आहे.

परंपरेने वज्रसेनसूरींचा काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकात दिला आहे. त्याच सुमारास पश्चिम भारतावर क्षहरात वंशातील शक क्षत्रप नहपान याचा अंमल बसला. त्याचा जामात उषवदात, म्हणजेच ऋषभदत्त, हा दीनीकाचा पुत्र आणि दक्षमित्रेचा पती. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्यास आज पांडवलेणी म्हणतात, तेथील दहाव्या लेण्यात त्याचे लेख आहेत. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारग येथे त्याने चौसोपी विश्रामगृहे बांधली. बागा, तळी व विहिरी करविल्या. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि डाहाणुका या नद्यांवर प्रवाशांसाठी विनामूल्य नावा ठेविल्या आणि तीरांवर पाणपोया घातल्या. दमणगंगा आणि डहाणू ही नावे त्या लेखातून आजही ओळखता येतात. त्याने ब्राह्मणांना दाने दिली, तशीच बौद्ध भिक्षूंनाही दिली. विशेष म्हणजे भिक्षूंच्या अन्नासाठी शेत हवे होते, तेव्हा सत्ता हाती असूनही त्याने ते कोणाकडून हिरावून घेतले नाही. अश्वभूती नावाच्या ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापण मोजून त्याने ते विकत घेतले आणि मग दान दिले.

या सर्व दानांत सर्वांत मोलाची ठरते ती अक्षयनीवी. नीवी म्हणजे मुद्दल. अक्षयनीवी म्हणजे कधीही न मोडावयाची ठेव. नहपानाच्या शासनकाळातील 42 व्या वर्षी वैशाख महिन्यात उषवदाताने लेण्यात वास करणाऱ्या संघासाठी 3000 कार्षापण दिले. ही रक्कम त्याने राजकोशात ठेविली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविली. एका श्रेणीकडे 2000 कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि दुसरीकडे 1000 कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत करावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, अशी अट लेखात स्पष्ट आहे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे होते. हिशेब करून पाहावा. दोन हजारांचे शेकडा एकप्रमाणे दरमहा वीस आणि वर्षाचे 240 होतात. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा, म्हणजेही 240. एका कार्षापणाचाही फरक नाही. दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे 90 कार्षापण इतर निर्वाहखर्चासाठी राखले होते. वस्त्रासाठी दिलेली ठेव वस्त्र विणणाऱ्यांकडेच ठेवण्यातही औचित्य होते. विणकरांना मागासाठी भांडवल मिळाले, भिक्षूंना वस्त्र मिळाले आणि दात्याचा हेतू दरवर्षी नव्याने पुरा होत राहिला.

दान देऊन उषवदात थांबला नाही. हे सर्व निगमसभेत, म्हणजे नगरातील व्यापाऱ्यांच्या सभेत, वाचून दाखविले आणि प्रथेप्रमाणे फलकावर नोंदविले, असे लेख सांगतो. देव व ब्राह्मणांसाठी दिलेल्या 70,000 कार्षापणांची नोंद करताना 35 कार्षापणांस एक सुवर्ण या दराने त्यांचे मूल्य 2000 सुवर्ण होते, हेही लिहून ठेविले आहे. रक्कम, दर, हेतू, ठेवीचे स्थान आणि जाहीर नोंद या पाचही बाबी आजच्या कोणत्याही लेखापरीक्षकाचे समाधान करतील अशा आहेत.

खरी कसोटी पुढे आली. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाचा पराभव केला. आपल्या पुत्राने क्षहरात वंश निःशेष केला, असे त्याची माता बलश्री हिच्या नाशिक येथील लेखात अभिमानाने म्हटले आहे. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. ती नहपानाची होती आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. शत्रूचे नावही नाण्यावर राहू नये, इतका हा संघर्ष तीव्र होता. अशा वेळी शत्रूच्या जावयाने दिलेल्या दानांचे काय होणार, हा प्रश्न त्या लेण्यांतील भिक्षूंपुढे उभा राहिला असेल.

त्याचे उत्तरही दगडावरच आहे. कार्ले येथील लेण्यांना उषवदाताने करजिक गाव दिले होते; सातवाहनांच्या आज्ञेने ते गाव त्याच संघाकडे राहिले. आपल्या 18 व्या राज्यवर्षी गौतमीपुत्राने विजयी छावणीतून गोवर्धनच्या अमात्यास आज्ञा धाडली : अपरकखडी गावातील 200 निवर्तनांचे जे शेत आजवर उषवदाताकडे होते, ते त्रिरश्मीवरील भिक्षूंना द्यावे, त्यात सैनिकांनी प्रवेश करू नये, मिठासाठी कोणी खणू नये, अधिकाऱ्यांनी हस्तक्षेप करू नये. पुढे 24 व्या वर्षी असे आढळले की कखडी येथील शेत पडीक आहे आणि गावही ओसाड झाले आहे. तेव्हा राजा व राजमाता यांच्या नावे दुसरी आज्ञा निघाली आणि नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या जमिनीतून 100 निवर्तने भिक्षूंना देण्यात आली. एकदा आज्ञा कोरली म्हणजे कर्तव्य संपले, असे त्यांनी मानले नाही. दिलेल्या दानातून प्रत्यक्ष उत्पन्न मिळते की नाही, हे सहा वर्षांनंतरही पाहिले गेले आणि मिळत नाही असे कळताच ते भरून दिले गेले. शत्रूच्या नाण्यांवर ठसा मारणारा हात धर्मदायावर मात्र पडला नाही, उलट त्याने तो सावरला.

उषवदाताच्या धर्मकार्याची ख्याती त्या बंदराबरोबर ओसरली नाही, कारण ती केवळ रकमेवर उभी नव्हती. दात्याने हेतू स्पष्ट लिहिला, मुद्दल राखण्याचा नियम घातला, नोंद चार लोकांसमक्ष केली आणि राज्य उलटल्यावरही दानाचा मान राखणारा राजा त्या भूमीस लाभला. जैन समाजात देवद्रव्य, साधारण द्रव्य आणि जीवदया यांचे हिशेब वेगळे ठेवण्याची, एका कार्याचे द्रव्य दुसऱ्यास न लावण्याची जी शिस्त आहे, ती याच विचाराशी नाते सांगणारी आहे. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने नोंदणी व लेखापरीक्षण बंधनकारक केले. पण त्यामागील तत्त्व या भूमीने अठराशे वर्षांपूर्वीच पाळले होते.

पन्नास वर्षांचा टप्पा गाठणाऱ्या कोणत्याही संस्थेत आरंभीचे दाते हळूहळू काळाच्या पडद्याआड जातात, विश्वस्त बदलतात, नवी पिढी कारभार हाती घेते. मागील मंडळाशी मतभेद असले तरी मागील दात्याचा हेतू मोडू नये, आणि जुन्या देणगीचे शेत पडीक पडले असेल तर ते वेळीच ओळखून भरून काढावे, हे गौतमीपुत्राने दाखवून दिले आहे. चांदीचे कार्षापण झिजतात, श्रेणी विरतात, बंदरे गाळाने भरतात. अक्षय राहते ती दिलेल्या शब्दाची राखण.