नंदुरबार परिसरातील भित्ती

नंदुरबार व धुळे जिल्ह्यांत, तापी खोऱ्यात आढळणाऱ्या, थिजलेल्या शिलारसाच्या उभ्या, भिंतीसारख्या शैलराशी. दख्खन ट्रॅपमधील लाव्हा कोठून बाहेर पडला, या प्रश्नाच्या इतिहासात त्यांना महत्त्व आहे.

हा प्रदेश मुख्यतः बेसाल्टाचा असला, तरी येथे विवर असलेला शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी नाही. तोरणमाळचे पठार व सातपुड्याची शिखरे ही एकावर एक साचलेल्या लाव्हा-थरांची झीज होऊन उरलेली आहेत. अशा डोंगरांच्या पायऱ्यांसारख्या रचनेमुळे ‘ट्रॅप’ हे नाव रूढ झाले. ‘पायरी’ या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ते आले आहे.

थरांच्या दरम्यान गोड्या पाण्यातील जीवाश्म सापडल्याने लाव्हा समुद्रतळावर नव्हे, तर जमिनीवर पसरला, हे एकोणिसाव्या शतकात स्पष्ट झाले. डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी तापी व खालच्या नर्मदा खोऱ्यांचे भूवैज्ञानिक वर्णन १८६९ मध्ये प्रसिद्ध केले. लगतच्या राजपीपला टेकड्यांतील भित्तींचे वैपुल्य त्यांना उद्‌गिरण-केंद्रांचे द्योतक वाटले. एका पर्वतमुखाऐवजी जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून लाव्हा वाहिला, ही कल्पना पुढे सर्वमान्य झाली. आइसलँडमधील लाकी येथे १७८३–८४ मध्ये असेच भेगी उद्‌गिरण झाले होते.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नंदुरबार–धुळे भागातील सुमारे १४,५०० चौ. किमी. क्षेत्रात एक किमी.पेक्षा लांब अशा २१० भित्ती नोंदविण्यात आल्या. सर्वांत लांब भित्ती ७९ किमी. असून जाडी ३ ते ६२ मी. आहे. बहुतेक भित्ती जवळजवळ पूर्व-पश्चिम गेल्या आहेत. यावरून त्या वेळी भूकवचावरील ताण उत्तर-दक्षिण दिशेने होता, असे अनुमान निघते. मात्र प्रत्येक भित्ती भूपृष्ठापर्यंत पोहोचलेली असतेच, असे नाही. म्हणून भित्ती व थर यांच्या रासायनिक घटकांची तुलना करून मगच त्यांचा संबंध ठरविला जातो.

दख्खन ट्रॅपची मुख्य उद्‌गिरणे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झाली. डायनोसॉरांच्या विनाशात त्यांचा वाटा किती, हा प्रश्न वादग्रस्त आहे. चंद्रावरील काळसर मैदानेही बेसाल्टी लाव्हाच्या पुरांनी बनली आहेत. तेथे लाव्हाच्या वाटा बहुधा त्याच्याच थरांखाली दडलेल्या आहेत. तापी खोऱ्यात मात्र दीर्घकाळच्या झिजेने वरचे थर निघून गेले आणि शिलारस वर येण्याच्या वाटा उघड्या पडल्या.