यादीत नाव कुणाचं?

आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकीने विचारलं, "मतदार यादीत परदेशी माणसांची नावं घुसलीत म्हणतात. मग कागद आपल्याकडे कशाला मागतात?" प्रश्न साधा आहे, पण त्याच्यामागे सत्तर वर्षांची गोष्ट आहे. आज तीच सांगते.

मत देण्याचा हक्क भारताच्या नागरिकालाच आहे. घटनेचं कलम ३२६ तेच सांगतं आणि त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. भांडण आहे ते पुढचं. नागरिक कोण नाही हे ठरवायचं कुणी, आणि कशावरून?

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची यादी करताना बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थानकडे लाखो बायकांनी आपलं नावच सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. (आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागायचा, तिथे स्वतःचंच नाव ओठावर येत नव्हतं.) मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी सांगितलं, स्वतःच्या नावाशिवाय नोंद नाही. त्यांचंही बरोबर होतं. बिननावाच्या नोंदीवर कुणीही येऊन मत टाकून जाईल. पण त्या नियमाने सुमारे २८ लाख बायका यादीतून गेल्या. त्यांतली एकही परदेशी म्हणून गेली नव्हती.

परदेशी मतदारांचा वाद खरा पेटला तो आसामात. पूर्व बंगालमधून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं येत होती. काही फाळणीच्या आधी आली, काही नंतर. आपल्या भाषेचं, जमिनीचं काय होणार, ही आसामी माणसाची भीती खोटी नव्हती. १९७९ मध्ये मंगलदोई मतदारसंघाचे खासदार वारले, पोटनिवडणुकीसाठी यादी तपासायला घेतली आणि परदेशी नावांबद्दल हजारो हरकती आल्या. त्यातून सहा वर्षांचं आंदोलन उभं राहिलं. १९८३ मध्ये जुन्याच यादीवर निवडणूक घेतली, तेव्हा रक्त सांडलं. १८ फेब्रुवारीला नेल्ली परिसरात सुमारे दोन हजार बंगाली मुसलमान मारले गेले. त्यांत बायका आणि लेकरंच जास्त होती. पळता न आलेली.

१९८५ मध्ये करार झाला. १९६६ च्या सुरुवातीपासून २४ मार्च १९७१ पर्यंत आलेल्यांची नावं दहा वर्षं यादीतून काढायची आणि मग परत घालायची. त्यानंतर आलेले परदेशी. कागदावर हिशेब सोपा वाटतो. पण कोण कधी आलं, हे सिद्ध कसं करायचं? १९९७ मध्ये तिथल्या यादीत काही नावांपुढे 'डी' अक्षर आलं. डी म्हणजे संशयित. निकाल लागेपर्यंत मत नाही.

हे लोण आपल्या मुंबईतही आलं होतं. १९९४ च्या सुमारास काही मतदान केंद्रांतल्या मतदारांना नोटिसा गेल्या, नागरिक असल्याचं सिद्ध करा. जन्मदाखला, पासपोर्ट असे चारच कागद चालतील म्हणाले. आता वस्तीतल्या बाईकडे पासपोर्ट कुठून यायचा? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. लालबाबू हुसेन खटल्याचा निकाल फेब्रुवारी १९९५ मध्ये लागला. ज्याचं नाव आधीच्या यादीत आहे, त्याची नोंद रीतसर झाली असंच धरून चाला. संशय असेल तर कशावरून, ते त्याला आधी सांगा. तो देईल तो प्रत्येक पुरावा तपासा. नुसत्या पोलिसी अहवालावर नाव काढू नका. मला विचाराल तर प्रत्येक तहसील कचेरीच्या भिंतीवर हा निकाल लावायला हवा.

आणि आता आपल्या जिव्हाळ्याचं. आसामात पुढे नागरिकांची नोंदवही झाली. ती मतदार यादीपेक्षा वेगळी, पण अडचण तीच. वडिलांशी नातं दाखवा, म्हणाले. बाई जन्मली एका गावात, नांदते दुसऱ्या गावात. शाळेत गेली नाही, म्हणून दाखला नाही. तिचं नाव सगळीकडे नवऱ्यापुढेच. मग लाखो बायकांनी ग्रामपंचायतीचा दाखला जोडला. २०१७ च्या सुरुवातीला उच्च न्यायालयाने तो नाकारला. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, पडताळून घ्या, पण तो दाखला चालेल. तेवढ्या महिन्यांत त्या बायकांनी रात्री कशा काढल्या असतील!

आपल्या गावात कुणाच्या नावावर हरकत घ्यायची तर अर्ज क्रमांक ७ असतो. हरकत घेणाऱ्याला स्वतःचं नाव लिहून सही करावी लागते आणि जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या नावावर हरकत आली, तर तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय नाव काढता येत नाही. नोटीस आली की तारखेला जायचं, हातात असेल तो कागद घेऊन. निकाल पटला नाही तर कलेक्टरकडे अपील आहे. प्रारूप यादी लागली की बीएलओकडे जाऊन आपलं आणि नव्या सुनेचं नाव वाचून घ्या. सुनेचं नाव माहेरच्या यादीत राहिलं असेल, तर ते इकडे आणायला अर्ज क्रमांक ८ आहे. तो कसा भरायचा, ते पुढच्या भेटीत. नमस्कार.