साखरेतली साल आणि माझी एक चूक



आजचा भाग थोडा वेगळा आहे. फौजेत चुकीचा रिपोर्ट वर गेला तर ज्याने पाठवला त्यानेच तो दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा असतो. आज मी तेच करणार आहे.

मागच्या एका भागात मी ठासून सांगितलं होतं की साखरेत पाकवलेली फळं, ज्यांना आपण कँडी म्हणतो, ती मुळात आपलीच. पुरावा काय, तर 'खंड' हा संस्कृत शब्द. त्याचा फारसीत 'कंद' झाला, अरबीतून तो युरोपात गेला आणि इंग्रजीत 'कँडी' झाला. त्यावर इंदूरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी लिहिलं, "साहेब, शब्द आपला म्हणून पदार्थ आपला, तर मग 'मुरंबा' हा शब्द अरबी आहे. आपल्या आईच्या बरणीतला मुरंबाही अरबांचा का?" मी तर लहानपणापासून मुरलेला आंबा म्हणजे मुरंबा असंच समजत होतो! मी गप्प झालो, आणि अभ्यासाला बसलो.

जे खरं आहे ते आधी सांगतो. लिंबू-संत्र्याच्या कुळाचं मूळ घर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याला, म्हणजे आसामचा पूर्व भाग, उत्तर म्यानमार आणि युन्नानचा पश्चिम भाग, या पट्ट्यात आहे, असं 2018 मध्ये जनुकांच्या अभ्यासातून मांडलं गेलं. मेघालयात गारो टेकड्यांतल्या नोकरेकला तर रानटी संत्र्यासाठी खास राखीव क्षेत्र आहे. मी शिलाँगला होतो तेव्हा हिवाळ्यात बाजारात टोपल्याच्या टोपल्या संत्री यायची. आम्ही ती खायचो आणि साली शेकोटीत टाकायचो. आज त्याचं वाईट वाटतं.

या कुळातलं भूमध्य समुद्राकडे सर्वांत आधी पोचलेलं फळ म्हणजे महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे, तेच. ग्रीक पंडित थिओफ्रॅस्टस याने इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. हे फळ खात नाहीत, पण वास छान, आणि कपड्यांत ठेवलं की कसर लागत नाही, असं तो सांगतो. म्हणजे फळ पोचलं होतं, पण साखर पोचली नव्हती. इसवी सनापूर्वी 326 मध्ये अलेक्झांडरची फौज पंजाबात आली. त्याचा आरमारप्रमुख निआर्कस याने नोंदवलं की इथे एका बोरूतून मधमाश्यांशिवाय मध निघतो. तो बोरू म्हणजे आपला ऊस!

साखरेचे खडे करण्याची विद्या भारतात पिकली हेही खरं. 647 मध्ये चीनच्या ताइझोंग बादशहाने ती शिकायला मगधात माणसं पाठवली होती.

आता माझी चूक कुठे झाली ते पाहा. फळ इथलं, साखर इथली, म्हणून पुढचं सगळं इथलंच, अशी मी उडी मारली. प्रत्यक्षात ऊस आणि कडू नारिंग अरबांनी पश्चिमेकडे नेलं, सिसिली आणि स्पेनमध्ये लावलं. 'नारंग'चं अरबीत 'नारंज' आणि स्पॅनिशमध्ये 'नारांहा' झालं ते याच वाटेवर. 1555 मध्ये फ्रान्समध्ये नोस्त्रादामुसने, हो, तोच भविष्यवाला, गोड पाकांवर एक पुस्तक छापलं. त्यात संत्र्याच्या साली पाकवण्याची कृती आहे. शब्दाने वाट कळते, मालकी कळत नाही. बाईंचं म्हणणं बरोबर होतं.

मग ठरवलं, नुसतं बोलायचं नाही, करून पाहायचं. चार संत्र्यांच्या साली घेतल्या, लांब चिरल्या, पाण्यात उकळून पाणी फेकलं. असं तीनदा केलं, तेव्हा कडूपणा उतरला. सालींइतकी साखर, तेवढंच पाणी. पहिल्या खेपेला मी घाई केली, मोठ्या आचेवर एका तासात पाक आटवला. साली चामड्यासारख्या झाल्या. आमच्या सौ. म्हणाल्या, "हे बुटाला लावा."

कारण सोपं आहे. सालीतलं पाणी हळूहळू बाहेर यायला हवं आणि साखर हळूहळू आत जायला हवी. पाक एकदम घट्ट असला तर पाणी भराभर बाहेर पडतं, साल आक्रसते आणि आत साखर शिरतच नाही. दुसऱ्या खेपेला पातळ पाकात साली मंद आचेवर ठेवल्या, रात्रभर तशाच मुरू दिल्या, रोज पाक थोडा आटवला. पाक दाणेदार होऊ नये म्हणून लिंबाचे चार थेंब. पाचव्या दिवशी साली काचेसारख्या पारदर्शक झाल्या. चाळणीवर दोन दिवस वाळवल्या, साखरेत घोळवल्या.

आपल्याकडे केकमध्ये जी लाल-हिरवी टूटीफ्रूटी पडते ती बहुधा कच्च्या पपईची असते. फळ आपल्या डोंगरातलं, साखर आपल्या शेतातली, आणि साल मात्र कचऱ्यात. अभिमानच बाळगायचा तर आधी ती साल वाचवू या.

त्या बाईंना एक बरणी इंदूरला पाठवली आहे. सोबत चिठ्ठीत एकच ओळ: "रिपोर्ट दुरुस्त केला आहे."

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.