कोयत्यातली दुसरी

सुरत जिल्ह्यातल्या पलसाणा तालुक्यात कापड रंगवणाऱ्या गिरण्या आणि ऊस शेजारी शेजारी नांदतात. चलथाणचा सहकारी साखर कारखाना याच तालुक्यातला. पलीकडे बारडोलीचा, १९५० च्या दशकातला. दिवाळीच्या आगेमागे धुळे-नंदुरबारकडून आणि डांगातून ऊसतोडीच्या टोळ्या इथे उतरतात. त्यांची मोजणी माणशी होत नाही, कोयत्यावर होते. एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायको. तो ऊस तोडतो. ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. पहाटेच्या भाकरीही तिनेच थापायच्या. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मात्र मुकादम नवऱ्याच्या हातात ठेवतो.

डच अभ्यासक यान ब्रेमन १९६० च्या दशकापासून दक्षिण गुजरातेत हिंडले. गावातल्या भूमिहीन हळपतींना डावलून खानदेशातून मजूर का आणतात, हे त्यांनी १९७८ च्या लेखात उलगडून दाखवलं. परका मजूर उचलीत अडकलेला असतो, हंगाम संपेपर्यंत कुठे जात नाही. त्या अडकण्यात बायको आपोआपच आली.

त्याआधीच अमेरिकेत 'करिअर' हा अभ्यासविषय झाला होता. डोनाल्ड सुपर यांनी १९५७ साली बायकांच्या करिअरचे सात नमुने मांडले. लग्नापर्यंत नोकरी, मग घर. किंवा मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरी, अशा धर्तीचे. उसाच्या फडात हे गणित उलटं पडतं. इथे लग्नाने काम सुटत नाही, लागतं! जोडी जमल्याशिवाय पूर्ण कोयता होत नाही.

आपल्याकडे बायकांच्या कामाच्या प्रश्नाला तोंड फुटलं १९७४ साली. स्त्रियांच्या स्थितीवरचा राष्ट्रीय समितीचा अहवाल त्या वर्षी आला, आणि मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाईंनी स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र उभं केलं. असंघटित क्षेत्रातल्या बायकांवरचा 'श्रमशक्ती' अहवाल १९८८ चा. तो देणाऱ्या आयोगाच्या अध्यक्ष इला भट्ट सुरतेतच शिकलेल्या. दरम्यान १९८१ च्या जनगणनेने कामगारांचे 'मुख्य' आणि 'सीमांत' असे भाग पाडले. सीमारेषा सहा महिन्यांची. ऊसतोडीचा हंगामही साधारण तेवढाच, म्हणजे तोडणारी बाई नेमकी त्या रेषेवर उभी.

हा मोजणीचा घोळ फक्त आपलाच नाही. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेचं जुनं दप्तर चाळलं, तेव्हा शेतात राबणाऱ्या कित्येक बायकांच्या व्यवसायाच्या रकान्यात नुसतं 'पत्नी' सापडलं. त्यांनी ते आकडे दुरुस्त केले, आणि बायकांच्या कामाचा दोनशे वर्षांचा आलेखच बदलला.

करिअरवरचं बरंचसं संशोधन आजही पदवी, पगार आणि बढती या वाटेने चालतं. पलसाण्यात अभ्यासाला येणाऱ्याने आधी मुकादमाची वही मागावी, आणि प्रत्येक कोयत्यापुढे दुसरं नाव लिहून घ्यावं.